आजीचं जुनं पदक: मोडीत द्यावं की तसंच ठेवावं?

मेहरूणकाठ
नमस्कार मंडळी. घरात वाद पेटलाय, म्हणून इथे विचारते.

आईच्या आईचं एक पदक आमच्याकडे आहे. पिंपळपानाचा आकार, मधोमध कमळावर बसलेली लक्ष्मी, कडेनं बारीक रव्याची (सोन्याच्या दाण्यांची) एक ओळ, खाली तीन घुंगरू. काळ्या रेशमी गोफात ओवलेलं. गोफ सोडून वजन भरतं २२ ग्रॅम. मागचा पत्रा साधा आहे, त्यावर काहीतरी कोरलंय पण वाचता येत नाही. एका बाजूला सांधा उकललाय, आत काळपट तपकिरी लाख दिसते.

मोठ्या भावाच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. भाऊ म्हणतो, "घालत तर कोणी नाही. मोड देऊ, पोरीला नवीन नेकलेस करू." सराफाकडे नेलं. त्याने काट्यावर ठेवलं, मशीनखाली धरलं, टच (शंभरात किती सोनं) ९१ आला. मग म्हणाला, लाख खूप आहे, निव्वळ सोनं बारा ग्रॅम धरा. मी विचारलं, एवढं हातकाम आहे त्याचं काही? "ताई, मोडीत मजुरी नसते."

दोन प्रश्न आहेत. हे किती जुनं असेल ते कसं ओळखायचं? आणि तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

भरीतवाला
फोटो कुठेय? फोटोशिवाय दागिन्याचा धागा म्हणजे वांग्याशिवाय भरीत.

मेहरूणकाठ
टाकलेत, पुढून, मागून आणि उकललेल्या सांध्याचा. पुतण्याच्या मोबाईलवरून काढलेत, गोड मानून घ्या.

हिशोबी_आप्पा
ताई, राग मानू नका, पण भावाचं चुकत नाही. सोनं तोळ्याला लाख रुपये ओलांडून गेलंय. लॉकरमध्ये ठेवलेली वस्तू ना घालता येते, ना पोटाला लागते. लॉकरचं भाडं वेगळं. आमच्या वडिलांनी याच हिशोबाने घरातलं सगळं जुनं मोडून चाळीसगावला प्लॉट घेतला, त्या प्लॉटवर आज दोन दुकानं उभी आहेत. भावना ठीक आहेत, पण लग्नाचा खर्च भावनेवर भागत नाही.

पांझराकाठ
आप्पा, प्लॉट परत घेता येईल. ते पदक परत करून देणारा माणूस दाखवा.

कसोटी
फोटो मोठे करून पाहिले. मी पेढीवाला नाही. घराण्याचं सोनारकाम आहे, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून शेगडी बंद केली. जे दिसतं ते सांगतो.

आधी कडेचा रवा बघा. तो साच्यातला नाही. साच्यात ओतलेला किंवा डायखाली दाबलेला रवा एकसारखा येतो आणि बुडाशी पत्र्यात मिसळलेला दिसतो. तुमच्या पदकात दाणे उन्नीस-बीस आहेत. डावीकडच्या वळणावर दोन दाणे गळालेत आणि त्या जागी नुसता झाळेचा (जोडायच्या हलक्या सोन्याचा) ठिपका उरलाय. म्हणजे दाणा वेगळा करून बसवलेला आहे. सोन्याची बारीक तार कापायची, ते तुकडे कोळशाच्या भुकटीत एकमेकांना न लागतील असे पसरायचे आणि आच द्यायची. सोनं वितळलं की आपोआप गोल होतं, हातानं गोल करावं लागत नाही. मग ते दाणे चाळून मापाचे वेगळे काढायचे. पत्र्यावर चिकट पाण्यात टाकणखार मिसळून ओळ लावायची, अगदी बारीक किसलेली झाळ टाकायची आणि फुंकणीने फुंकर मारायची. फुंकर जास्त झाली तर रवा पत्र्यात बुडतो. कमी झाली तर दुसऱ्या दिवशी गळतो. आमचे वडील रवा बसवत असले की घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही.

लक्ष्मी ठशातली आहे, पण ठशावर सोडून दिलेली नाही. कमळाच्या पाकळ्यांच्या रेषा नंतर छिणीने उठवल्यात, त्या दोन्ही बाजूंना सारख्या नाहीत. पोकळ पत्र्याचा उठाव दबू नये म्हणून आत लाख भरायची आणि मागून पत्रा बसवून झाळायचा, ही आपल्याकडची जुनी रीत.

आता वरची कडी. ती पदकाच्या वयाची नाही. दुसऱ्या फोटोत कडीवर बारीक 'केडीएम' दिसतं. कॅडमियमची झाळ आपल्याकडे फार उशिरा आली. म्हणजे मूळ कडी गोफानं घासून झिजली असणार आणि कोणीतरी नवी घातली असणार. कडी बदलली म्हणून पदकाची किंमत कमी होत नाही, उलट ते वापरात होतं याची खूण समजा.

वय मी सांगणार नाही. एक आधार मात्र देतो. जानेवारी १९६३ मध्ये सोने नियंत्रणाचा आदेश आला आणि नवे दागिने १४ कॅरेटच्या वर करायला बंदी झाली. पुढे काही वर्षांनी ती अट उठली, पण तोवर कितीतरी सोनारांची घरं उपाशी पडली, कित्येकांनी धंदा सोडला. तुमचा टच ९१ आहे, म्हणजे हे काम त्या बंदीच्या काळातलं उघड केलेलं नव्हे. आधीचं की नंतरचं, ते मागच्या कोरलेल्या अक्षरांवरून कळेल. तो फोटो उजेड तिरपा पाडून पुन्हा काढा.

भरीतवाला
धागा एकदम दुसऱ्याच उंचीवर गेला. वाचनखूण साठवली.

शेवभाजी
कसोटीकाका, टच मशीनवर खरा येतो का? आमच्याकडे एकाने मशीनवर ९२ सांगितलं आणि गाळल्यावर ८३ काढून दिलं. पेढीचं नाव सांगत नाही, पण बाबा अजून त्या गल्लीतून जात नाहीत.

कसोटी
मशीन क्ष-किरणांवर चालतं आणि वरचा काही मायक्रॉनचाच थर बघतं. मुलामा असेल तर मुलाम्याचा टच सांगेल. उलट जुन्या दागिन्यात झाळेच्या जागा हलक्या असतात. झाळ आधी वितळली पाहिजे, म्हणून तिच्यात तांबं-चांदी जास्त घालावी लागते. जाळीचं काम किंवा रवाकाम असलेला दागिना गाळला की ती सगळी झाळ एकत्र होते आणि टच खाली येतो. त्यामुळे ९२ चा ८३ होणं हे दर वेळी लबाडीच असेल असं नाही, पण नऊ टक्के फार झाले. गाळताना समोर उभं राहायचं. मूस पालथी झाल्यावर आपल्याच मुशीतलं सोनं आपल्याच डोळ्यांसमोर काट्यावर गेलं पाहिजे.

गणितमास्तर_अमळनेर
मला सोन्यातलं काही कळत नाही, पण सराफाचं गणित पटत नाही. मेहरूणकाठताई, पदकाची लांबी, रुंदी, जाडी सांगा.

मेहरूणकाठ
पट्टीने मोजलं. लांबी ४ सेंमी, रुंदी ३, मधोमध फुगीर भागाची जाडी साधारण अर्धा सेंमी.

गणितमास्तर_अमळनेर
बघा मग. या मापाची चौकोनी डबी धरली तर ६ घन सेंमी. पिंपळपान तिच्यातली फार तर दोन तृतीयांश जागा घेईल, म्हणजे ४. कडेला जाडी कमी होत असणार ते सोडूनच दिलं. २२ कॅरेट सोनं पाण्याच्या सतरा-साडेसतरा पट जड असतं, म्हणजे पत्र्याचं सोनं जेमतेम १ घन सेंमी जागा घेईल. लाखेला उरले ३. लाख पाण्याहून किंचितच जड, म्हणजे झाली सव्वातीन ग्रॅम. सराफ म्हणतो सोनं बारा, म्हणजे लाख दहा ग्रॅम. दहा ग्रॅम लाख मावायला पदक आत्ताच्या दुपटीहून मोठं हवं!

शेवभाजी
मास्तर, तुम्ही आमच्या वर्गाला असता तर मी दहावीला गणितात पस्तीसवर थांबलो नसतो.

कसोटी
मास्तरांचं गणित चोख आहे, फक्त एक गोष्ट धरा. लाख निव्वळ भरत नसत. तिच्यात विटकरीची बारीक पूड मिसळत, म्हणजे ती थंडीत तडकत नाही आणि उन्हाळ्यात पाझरत नाही. आपल्याकडचा वैशाख ठाऊकच आहे. त्या मिश्रणाचं वजन जास्त भरतं. तरी साडेचार ग्रॅमच्या वर जाणार नाही. म्हणजे सोनं साडेसतराच्या आसपास.

सराफाने बारा का सांगितलं? लाखेचा माल म्हटला की पेढीवाला स्वतःला सांभाळून बोलतो. त्याला आतलं दिसत नाही आणि अंगावर घ्यायचं नसतं. सरळ सांगायचं, लाख काढून वजन करू, मग भाव बोलू. पण लाख काढायची म्हणजे पदक तापवायचं आणि ते एकदा उघडलं की पुन्हा तसं बसवणारा हात शोधावा लागतो.

हिशोबी_आप्पा
म्हणजे साडेपाच ग्रॅम जास्त निघालं. मग तर विकायलाच पाहिजे!

पांझराकाठ
आप्पा 😂😂

मोडीवाचक
मागचा फोटो नीट आला. अक्षरं मोडी आहेत. पहिली ओळ: 'तोळे १ मासे ६'. दुसऱ्या ओळीत एकच अक्षर धड दिसतं, बाकी घासलं गेलंय, म्हणून त्यावर काही बोलत नाही.

गणितमास्तर_अमळनेर
एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा मासे म्हणजे एक तोळा, तेव्हा सहा मासे म्हणजे अर्धा. दीड तोळा = १७.४९ ग्रॅम.
मी जरा बाहेर जाऊन एक चक्कर मारून येतो.

भरीतवाला
माझ्या अंगावर काटा आला राव.

कसोटी
सोनाराने लाख भरायच्या आधी निव्वळ सोन्याचं वजन मागच्या पत्र्यावर नोंदवलं, असं धरायला जागा आहे. गिऱ्हाइकाशी हिशोब स्वच्छ राहावा म्हणून काही सोनार तसं करत. तोळे-मासे आणि तेही मोडी लिपीत, म्हणजे दशमान वजनं रुळण्याआधीचं काम. माझ्या मते १९६० च्या अलीकडे येत नाही. किती पलीकडे, ते सांगणार नाही.

नर्मदाहर
जरा थांबा. आकडा घुंगरांसकट आहे की घुंगरं सोडून? कडी तर नंतरची, तिचं वजन वेगळं. सगळं इतकं बरोब्बर जुळतं तेव्हा मला जास्त शंका येते.

गणितमास्तर_अमळनेर
रास्त. अर्धा-पाऊण ग्रॅम इकडचं तिकडे होईल. पण बारा काही होत नाही.

सातपुड्याची_लेक
सगळे सोन्यावरच बसलेत, थोडं आमच्या बाजूला पण या. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात जुन्या गळ्यातल्यांचा खरा खजिना चांदीचा आहे. भोंगऱ्या बाजाराला (होळीआधीचा आदिवासी बाजार) आणि काठी गावच्या होळीला बाया पूर्ण चांदीत येतात. गळ्यात जाड हासळी (चांदीचं कडं), तिच्याखाली कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या रुपयांच्या माळा. प्रत्येक रुपयाला कडी झाळलेली, मधे चांदीचे मणी. माझ्या आज्यासासूच्या माळेत व्हिक्टोरिया राणी आहे, एडवर्ड आहे आणि पंचम जॉर्ज आहे. तिच्या लेखी सगळे 'रुप्या'.

हे विकताना लोक फार नाडले जातात. जुना कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात शंभराला जवळपास ९२ भाग चांदी. पण १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. व्यापारी काय करतो, माळेत दोन-चार १९४४-४५ चे रुपये दिसले की सगळ्या माळेला निम्म्या चांदीचा भाव लावतो. वर्ष वाचता आलं तर बोलता येतं. वाचता येत नाही तिथेच सगळं हातून जातं. आता आम्ही बचत गटाच्या बायकांना आधी नाण्यावरचं साल वाचायला शिकवतो.

मेहरूणकाठ
लेकी, वेगळा धागा काढ यावर. फोटोसकट.

जुनंतेसोनं
नाण्यांचा विषय निघाला म्हणून. आपल्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसची. तिथलं डुकाट हे सोन्याचं नाणं १२८४ पासून पाडत, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. व्यापाराबरोबर ते आपल्याकडे आलं आणि बायकांनी गळ्यात घातलं. नाण्यावर त्यांचा संत उभा आहे आणि राज्यप्रमुख त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलाय. आपल्याकडे लोकांनी त्यात देव पाहिले.

नर्मदाहर
हे प्रत्येक धाग्यात येतं. आमच्या घरातल्या पुतळ्या काही व्हेनिसहून आलेल्या नाहीत, पारोळ्याच्या सोनाराने पाडलेल्या आहेत. आजोबांनी समोर बसून करून घेतल्यात.

जुनंतेसोनं
दोन्ही खरं आहे. मूळ नाणी कमी पडली तेव्हा इथेच ठसे करून पाडली. ओळखायला सोपं. अस्सल नाण्यावर रोमन अक्षरं नीट वाचता येतात. इथल्या ठशात अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा असतात, कारण ठसा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. मला तर त्या रेघाच जास्त आवडतात.

शेवभाजी
पारोळ्यावरून आठवलं. झाशीच्या राणीचं माहेर म्हणजे पारोळ्याचे तांबे. त्याच्या जोरावर एकाने मला 'राणीच्या घराण्यातलं पदक' विकायला आणलं होतं. मागे फिरकी होती, तीही मशीनवरच्या आट्यांची. मी म्हटलं, दादा, राणीसाहेबांच्या वेळी राजकोटचा माल मिळायचा का?

आखाजी
'अँटिक' शब्दाबद्दल कोणीतरी बोला रे! दुकानात पाटीच असते 'अँटिक कलेक्शन', आणि ट्रेमध्ये परवा घडवलेला माल. माझ्या जावेने मजुरी टक्क्यांवर मोजून घेतलं आणि सगळ्यांना सांगत होती की शंभर वर्षांचं जुनं आहे.

कसोटी
ते अँटिक पॉलिश. नव्या दागिन्याला खाचांमध्ये मुद्दाम काळपट रंग ठेवतात, म्हणजे उठाव दिसतो. पूर्वी आपल्याकडे गेरूचा हात देत, तोच हेतू. नक्षी म्हणून वाईट नाही, पण जुनं म्हणून घेऊ नका. खरं जुनं ओळखायचं असेल तर झीज कुठे आहे ते बघा. जिथे दागिना अंगाला, साडीला, दोऱ्याला घासतो तिथेच तो झिजतो. कडीच्या आतल्या बाजूला, मागच्या पत्र्याच्या फुगवट्यावर, घुंगरांच्या दांड्यांना. पॉलिशवाला माल खाचेत काळा आणि उंचावर चकचकीत असतो, पण कडी आतून कोरी करकरीत.

उनपदेव
आमच्याकडे सोन्यात मढवलेल्या वाघनखांचं पदक आहे. दोन नखं उलटसुलट जोडून मधे लहानसं पान. पोराला बारशाला घालतात. ते अँटिकमध्ये धरता येईल का?

हिशोबी_आप्पा
उनपदेव, कमेंट उडवा आधी.

नर्मदाहर
गंमत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर खरं वाघनख मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे. पणजोबांचं असो की आणखी कोणाचं. विकणं तर दूरच राहिलं. बाजारात मिळतात ती बहुतेक शिंगाची किंवा प्लास्टिकची केलेली असतात. आधी खरं आहे का ते बघा आणि खरं असेल तर वकिलाशी बोला, फोरमवर नको.

उनपदेव
शिंगाचं आहे. आत्ताच ठरलं.

पांझराकाठ
😂

मूळ विषयावर येते. ताई, मोडीत देऊ नका हे तर झालंच, पण साफ करायला देतानाही जपा. आमच्या आत्याचं लाखेचं पदक एकाने 'पॉलिश करून देतो' म्हणून आत नेलं आणि उकळत्या रिठ्याच्या पाण्यात टाकलं. लाख फुगून सांध्यातून बाहेर आली, मागचा पत्रा तिरका झाला. वर वजनही कमी भरलं, तर म्हणे मळ गेला. अर्धा ग्रॅम मळ! आत्या म्हणाली, एवढा मळ असता तर मी आंघोळ करत नव्हते का?

कसोटी
लाखेच्या आणि कुंदनाच्या दागिन्याला गरम पाणी वर्ज्य. कुंदनात तर खड्याखाली डांक (चमकीचा पातळ पत्रा) असतो, पाणी शिरलं की खडा कायमचा काळवंडतो. मऊ सुती कापड पुरे. पॉलिश वारंवार करूच नका, दर वेळी थोडं सोनं जातंच.

परदेशी_पावणी
मी मूळ भुसावळची, सध्या कॅनडात. मेहरूणकाठताई, तुम्हाला मोडायचंच असेल तर मला विका. वजनाच्या भावावर वीस टक्के जास्त देईन, इथे जुन्या भारतीय दागिन्यांचे संग्राहक खूप आहेत.

नर्मदाहर
सावकाश. १९७२ चाच दुसरा कायदा आहे, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हे पदक १९६० च्या आधीचं, पण किती आधीचं ते कोणालाच ठाऊक नाही. बाहेर न्यायचं तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला घ्या.

परदेशी_पावणी
अरे देवा. मग मी फोटोवरच खूश. नुसतं सांगते, इथे एका प्रदर्शनात व्हिक्टोरियन लॉकेट्स पाहिली. आत मेलेल्या माणसाचे केस विणून काचेखाली बसवलेले. १८६१ मध्ये राणीचा नवरा गेला, ती पुढे आयुष्यभर काळ्या कपड्यांत राहिली आणि शोकाच्या दागिन्यांना तिकडे जोर आला. सुंदर होती, पण गळ्यात घालवणार नाही बाई.

शेवभाजी
आपल्याकडे जिवंत सासूचा फोटो घातलेलं लॉकेट कोणी घालत नाही, तिथे केस कुठे.

तुरीची_शेंग
बठ्ठं खरं शे, पन मना एक सवाल. कानबाई देवीले काय घालशात मंग? आमना घरमा कानबाई बसस तव्हय घरनं समदं जुनं सोनं नारळवर चढस. नवीन नेकलेस चढाडाले माय नही म्हनस.

आखाजी
अगदी! श्रावणात आमच्याकडेही तेच. नथ, पोत, जुनी पदकं सगळी कानबाईच्या अंगावर. ती उतरवताना दोन जणी समोर बसून मोजून उतरवतात, विसर्जनाला नदीवर न्यायच्या आधी. एका वर्षी पोत नारळावर राहिली म्हणून मामा पाण्यात कपड्यांसकट उतरले होते.

सीए_खानदेशी
कोणी विचारलं नाही तरी सांगतो. वारशात आलेला दागिना विकला किंवा मोडीत देऊन बदलून घेतला, दोन्ही कराच्या दृष्टीने विक्रीच. २००१ च्या आधीचा असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत धरता येतो, वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. मोड दिली म्हणजे कर लागत नाही हा गैरसमज आहे. आणखी एक, हॉलमार्क नाही म्हणून भाव पाडून मागितला तर घाबरू नका. २०२१ पासूनची हॉलमार्कची सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, तुमच्या घरातल्या जुन्या दागिन्यावर नाही. मान्यताप्राप्त केंद्रावर तपासून लेखी अहवाल मिळतो.

हिशोबी_आप्पा
साडेबारा टक्के? हे आमच्या भावाने सांगितलंच नाही. बरं मग, ठेवा पदक.

भरीतवाला
इतक्या कलाकुसरीने जे झालं नाही ते आयकराने करून दाखवलं.

मेहरूणकाठ
सगळ्यांचे आभार. मास्तरांचं गणित आणि मोडीचा फोटो भावाला पाठवला. त्याने आधी आप्पांसारखंच म्हटलं, मग दोन दिवस काही बोलला नाही. काल त्याचाच फोन आला. घरात वडिलांची एक नुसती साखळी आहे, मशीनमधली, तिची मोड द्यायची असं ठरलंय. पदक पोरगी लग्नात घालेल आणि नंतर आईकडे परत. तिला नव्या नेकलेसपेक्षा तेच आवडलंय म्हणे, फक्त घुंगरू वाजायला हवेत, त्यातलं एक मुकं आहे.

कसोटीकाका, दोन गळालेले दाणे बसवून घेऊ की तसेच राहू देऊ? आणि गोफ कुठे करून मिळेल?

कसोटी
दाणे राहू द्या. नवा दाणा बसवायला पदक तापवावं लागेल आणि आत लाख आहे. उकललेला सांधा मात्र हळूच दाबून थंड कामाने बसवून घ्या, नाहीतर लाख भुगा होऊन पडेल. मुक्या घुंगरात खडा अडकला असेल. सुईने चाचपून बघा, तापवू देऊ नका.

गोफासाठी पटवेकरी (दागिने रेशमात ओवणारा कारागीर) शोधा. सराफ बाजाराच्या मागच्या बोळात अजून एखादा बसतो, पेढीवाल्याला विचारलं तर तो सांगेल. रेशीमच मागा, नायलॉन नको, नायलॉनने कडी लवकर कापली जाते. लांबी पोरीच्या गळ्यावर ठरवा. आणि देण्याआधी पुढून-मागून फोटो आणि मिलिग्रॅमपर्यंतचं वजन पावतीवर लिहून घ्या.

कळण्याचीभाकर
धाग्यात उशिरा आले. सासूबाईंचा तन्मणी आहे, त्याचं खोड (मधलं पदक) एका बाजूला लोंबतं आणि मोत्याच्या सरांचा दोरा पिवळा पडलाय. तो पण पटवेकऱ्याकडेच द्यायचा का? सासूबाई म्हणतात मोती बसऱ्याचे आहेत.

कसोटी
हो, पटवेकऱ्याकडेच. आपल्यासमोर ओवून घ्या आणि मोती आधी मोजून, सरागणिक फोटो काढून द्या. खोडाच्या मागच्या कड्या सैल झाल्यात का ते आधी बघा. नुसता दोरा बदलून लोंबणं थांबणार नाही. बसऱ्याचे म्हणजे नैसर्गिक, की कल्चर म्हणजे आत मणी घालून वाढवलेले, ते डोळ्यांनी सांगता येत नाही. रत्नांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी तपासतात, कल्चर असेल तर आतला मणी दिसतो. तोवर अत्तर आणि लिंबू दोन्ही मोत्यापासून लांब ठेवा.